अकरा मिनिटं मागे

५ फेब्रुवारी, सोमवार

चाचणी विभागात पहिला दिवस. खोली तळमजल्यावर, खिडकीला जाळी, टेबलाच्या खणात मागच्या माणसाने सोडलेला एक पेचकस आणि अर्धी पेन्सिल. साहेबांना मागून सगळे 'तीन दशांश' म्हणतात. त्यांना कुठलाही आकडा सांगितला की ते त्याच्या पुढचे आकडे विचारतात. माझं त्यांच्याशी जमेल असं वाटतं.

काम सोपं आहे. मोठ्या मीटरमध्ये घड्याळ असतं, कारण वीज दिवसाच्या कोणत्या वेळी वापरली यावर तिचा दर ठरतो. ते घड्याळ वर्षानुवर्षं हळूहळू सरकत जातं. मी उपकेंद्रं आणि कारखाने फिरायचे, मीटरला प्रोब चिकटवायचा, हातातल्या यंत्रावर फरक बघायचा, घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी जुळवायचं आणि तिथल्या माणसाची चिठ्ठीवर सही घ्यायची. कोणाशी फार बोलावं लागत नाही.

घरी आईला सांगितलं. शिवणयंत्रावरची मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे घड्याळजी झालीस. एवढी फी भरून."

"साधारण तसंच."

"मग आधी आपल्या स्वयंपाकघरातलं लाव. ते कधीचं सहा वाजवून बसलंय."

लावलं. सेल गेला होता.

७ फेब्रुवारी, बुधवार, दुपार

शीतगृहाच्या मीटरखोलीत बसून लिहितेय. लाईनवर काम चालू असल्याने वीज बंद आहे, आणि ती आल्याशिवाय इथल्या मीटरला हात लावता येत नाही.

सकाळी याच लाईनच्या उपकेंद्रात होते. पत्र्याचं फाटक, खडीचं अंगण, आत एक लांब खोली, भिंतीला लागून पॅनल. ऑपरेटर निवृत्तीला आलेले गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हटलं. भिंतीवर घड्याळाची नुसती गोल खूण आहे. विचारलं तर म्हणाले, "पाल मारायला गेलो. पाल गेली पळून, घड्याळ गेलं. आता मीटर आहे की. मीटर कधी पडत नाही आणि मोबाईलसारखं दर चार दिवसांनी नवीन काही मागत नाही." मोबाईल ड्युटीवर खणात ठेवायचा नियम आहे. ते पाळतात.

तेवढ्यात लाईनमन आला. चांगला उंच. काकांनी ओळख करून दिली, "हे आमचे जावईबापू. यांना शिडी लागत नाही, फक्त सासरा लागतो, लाईन बंद करायला." तो हसला. ज्या खांबावर त्याचं काम होतं, तिथे फोन लागत नाही. काम संपल्यावर त्याने परत यायचं, परमिटचा कागद हातात द्यायचा आणि मगच काकांनी लाईन चार्ज करायची, म्हणजे वीज सोडायची, असा नियम आहे. पण खांब लांब, वाट ओढ्यातून. म्हणून यांनी आपसात ठरवून टाकलंय की आधीच वेळ सांगायची, तोवर याने खांबावरून उतरायचं आणि काकांनी कागदाशिवायच चार्ज करायचं.

"साडेबाराला चार्ज करतो हं."

"मीटरचे साडेबारा ना?"

"मग काय माझ्या बापाचे?"

लाईनमनने डावं मनगट मीटरसमोर धरलं आणि घड्याळाचा काटा मीटरशी जुळवला. हे ते दर वेळी करतात म्हणे. मला मनात हसू आलं, कारण माझ्या यंत्रावर तेव्हाच दिसत होतं की मीटर अकरा मिनिटं मागे आहे.

तो गेल्यावर मी प्रोब लावला. मीटर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदतं, ती नोंद दोन तुकड्यांत फाटू नये म्हणून पुढचा अर्धा तास सुरू होईपर्यंत थांबले, मग घड्याळ पुढे घेतलं. शून्य फरक. काका अंगणात ट्रान्सफॉर्मरचं तेल बघत होते. बाहेर जाऊन चिठ्ठी पुढे केली. "कुठे करू?" म्हणाले. बोट दाखवलं. तेलकट हाताने सही केली आणि पेन पुसून परत दिलं. सभ्य माणूस.

मीटरमधलं घड्याळ माणसांसाठी नसतं, हे या लोकांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

वीज आली. माझ्या यंत्रावर बरोबर साडेबारा. इतका वक्तशीरपणा या तीन दिवसांत कुठेच पाहिला नव्हता. बरं वाटलं, सकाळच्या कामाची आपोआप तपासणी झाली.

पुन्हा गेली. मिनिटभरही टिकली नाही. ब्रेकर नीट बसला नसेल.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

तो लाईनमन खांबावर होता.

शीतगृहाचा मॅनेजर सांगत आला. मी विचारलं, कुठल्या खांबावर. हा काय प्रश्न झाला. पण मी तोच विचारला.

काम आटोपून त्याने सुरक्षेचं अर्थिंग काढलं होतं. मग एक क्लॅम्प सैल दिसला, म्हणून तो पुन्हा वर चढला. वेळ आहे, असं त्याने खालच्या मदतनिसाला सांगितलं. तेवढ्यात लाईन चार्ज झाली. जिवंत आहे. उजवा हात गेल्यासारखा आहे.

मी यंत्र बंद करून पिशवीत ठेवलं, चेन लावली, मग पुन्हा उघडून ते बंद केलंय का ते बघितलं. असं तीनदा केलं. चेन खराब झाली असावी.

आईने ताट वाढलं. "जेवतेस की तेही जुळवून घ्यायचंय?" म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने हातातली पोळी परत डब्यात ठेवली.

८ फेब्रुवारी, गुरुवार

दोन कारखाने केले. दोन्हीकडे फरक किरकोळ. लाईनमनचा हात काढावा लागला, कोपराच्या खाली. ऑफिसात शिपायाने सांगितलं. तो चहा देता देता सांगत होता आणि कप माझ्यापुढे ठेवायचा विसरला.

१० फेब्रुवारी, शनिवार

साहेबांनी बोलावलं. चौकशी लागली आहे. काकांचं म्हणणं, ठरलेली वेळ साडेबारा, मी साडेबाराला चार्ज केलं. लाईनमनचं म्हणणं, साडेबारा झालेच नव्हते. मदतनिसाकडे घड्याळ नव्हतं.

"त्या दिवशी तुम्हीच तिथे गेला होतात ना?"

"हो."

"साडेबाराला उपकेंद्रातलं मीटर बरोबर वेळ दाखवत होतं?"

"सेकंदापर्यंत."

"सेकंदाच्या पुढे?" ते म्हणाले, आणि मग त्यांनाच ते नको होतं असं वाटलं. "असू दे. लिहून द्या."

लिहून दिलं. तीन ओळी. प्रत्येक शब्द खरा.

साहेब म्हणाले, "मग प्रश्न मिटला. कागदाशिवाय वेळेवर चालायचं हे दोघांनी मिळून ठरवलं, आणि पोराने वेळ पाळली नाही. आता त्याला चढता येणार नाही, ऑफिसात घ्यावं असं आम्ही म्हणत होतो, पण हलगर्जीपणाचा ठपका बसला की तेही नाही. घरी बसेल." ते खिडकीबाहेर बघत होते. "वाईट वाटतं. पण घड्याळ ते घड्याळ."

जिन्यात काका भेटले. त्यांना ड्युटीवरून दूर ठेवलंय. हातात थर्मास होता. ते रोज दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसतात म्हणे, पण मुलगी त्यांच्या हातचा चहा घेत नाही. ती म्हणते, माझा नवरा वेळेचा पक्का आहे. मी जबाब दिल्याचं त्यांना कळलं होतं. माझ्याशी चांगलं बोलतील असं वाटलं, कारण माझ्या तीन ओळींनी ते सुटले. त्यांनी नुसती मान हलवली आणि जिन्याच्या भिंतीला चिकटून मला वाट दिली.

११ फेब्रुवारी, रविवार

आईने हट्टाने पाठवलं. "माणूस भाजलाय. तू त्या दिवशी तिथे होतीस. जाऊन ये, काही बोलू नकोस हवं तर, तुला तसंही बोलता येत नाही."

पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. तो झोपला होता. खाट त्याला पुरत नाही, पाय दांड्यांतून बाहेर आलेत. उजव्या बाजूला चादर लवकर सपाट होते. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते आणि तिकडेच बघत राहिले.

त्याची बायको माझ्याएवढीच असेल. "तुम्ही मीटरवाल्या ना?" म्हणाली. त्या सकाळचं सांगताना नवऱ्याने माझा उल्लेख केला असावा. तिने पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात अंगठी आणि मनगटी घड्याळ.

"डाव्या हाताला काही झालं नाही. हे तसंच निघालं. ऑफिसवाले म्हणतात, यांना वेळेचं भान नव्हतं. हे घड्याळच बिघडलंय का, तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं ना त्यातलं."

हातात घेतलं. साधं काट्याचं घड्याळ, चालू. माझ्या मोबाईलशेजारी धरलं.

अकरा मिनिटं मागे.

पुन्हा धरलं. सेकंदकाटा बाराच्या घरातून गेला तेव्हा पुन्हा. अकरा मिनिटं.

मला आवाज ऐकू यायचे बंद झाले. समोरच्या खाटेवरचा म्हातारा काहीतरी मागत होता, त्याचे ओठ दिसत होते. हे घड्याळ बिघडलेलं नाही. त्या सकाळी माझ्या डोळ्यांदेखत ते लावलं होतं, मीटरशी. मग तो खोलीबाहेर गेला आणि मी मीटर पुढे घेतलं. ते दोघं मिळून अकरा मिनिटं मागे होते आणि वर्षानुवर्षं सुखरूप होते. मी त्यांच्यातल्या एकालाच दुरुस्त केलं.

"चालू आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे?"

"थोडं मागे आहे."

"किती?"

"तपासावं लागेल."

असं म्हणाले मी. तपासावं लागेल. तिने घड्याळ परत घेतलं, पिशवीची वरची पट्टी बोटाने दाबत नेली. "तपासा मग," म्हणाली. "लागलं तर मी घेऊन येईन."

बाहेर काका बाकावर होते, थर्मास मांडीवर. मी दुसऱ्या जिन्याने उतरले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

तीन मीटर तपासले. तिन्हींना सुधारणेची गरज होती. एकालाही हात लावू शकले नाही. साहेबांना सांगितलं, प्रोबची केबल सैल आहे.

रात्री पदर आवरून आई समोर येऊन बसली. तिला सगळं सांगितलं, क्रमाने. ती मधे बोलली नाही, हे तिच्यासाठी फार आहे. शेवटी म्हणाली, "त्या ऑपरेटरला तू सांगितलं होतंस का, की वेळ बदललीय?"

"सही घेतली आहे."

"सही नाही विचारली. सांगितलं होतंस का?"

"नियमात सही आहे, आई."

"बरं," म्हणाली आणि उठून तिने एका ब्लाउजची घातलेली शिवण पुन्हा उसवायला घेतली. मला दिसत होतं की ती शिवण चांगली होती.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी काकांना सांगायचं, असं ठरवलं. त्यांना कळेल की त्यांचंही चुकलं नाही आणि जावयाचंही. त्यांना धक्का बसेल, म्हणून वाक्यं तयार करून गेले होते.

दोन खोल्यांचं घर. एकटेच असतात. खाली बसून मटार सोलत होते. मला बसायला पाट दिला, आणि पाहुणी आली तरी हात रिकामा कशाला म्हणून अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

मी म्हटलं, "काका, जावयांचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे."

"माहीत आहे."

माझी तयार वाक्यं तिथेच संपली.

"म्हणजे? कधी कळलं?"

"त्याच दिवशी." त्यांचा अंगठा शेंगेतून पुढे गेला, दाणे ताटलीत पडले. "ब्रेकर टाकला. वहीत वेळ लिहिली. मग सहज खण उघडला, लेकीचा फोन येऊन गेला का बघायला. मोबाईलमध्ये साडेबारा. वर बघितलं, मीटरमध्ये साडेबारा. पोरी, इतक्या वर्षांत ती दोन कधी जुळली नव्हती. मोबाईल नेहमी पुढे पळायचा. मी म्हणायचो मोबाईलच खोटा." पुढची शेंग घेतली. "मग कळलं, तुम्ही काय करून गेलात ते. लगेच ब्रेकर पाडला. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं."

त्या दिवशी मिनिटभरात वीज गेली होती, ती यांनी घालवली होती. मी शीतगृहात बसून त्याबद्दल एक शेरा लिहिला होता. आत्ता वहीची पानं मागे उलटून तो वाचला.

"चौकशीत का नाही सांगितलं?"

"काय सांगू? की बाईंनी कागद पुढे केला आणि मी बैलासारखी सही ठोकली? की कागद येईपर्यंत चार्ज करायचं नाही हा नियम त्या एका दिवशी नव्हे, वर्षानुवर्षं मीच मोडत आलो, आणि स्वतःच्या जावयाबरोबर?" आवाज अजिबात चढला नव्हता. "आत्ता ती माझ्यावर रागावलीय, कारण मी तिच्या नवऱ्याची बाजू घेत नाही. राग जातो. हे कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही."

"पण त्यांची नोकरी जाईल. ठपका त्यांच्यावर बसतोय."

"मी त्यांना पोशीन. माझं आहे ते त्यांचंच आहे."

"त्यांना वाटतंय की आपलंच चुकलं."

त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग म्हणाले, "तुमचं नाव मी कुठे घेतलं नाही. घेणारही नाही. लेकीच्या वयाच्या आहात, नोकरीची सुरुवात आहे. तुम्ही तरी कशाला उकरता?"

मी ज्याला वाचवायला गेले होते, तो मला वाचवायची तयारी दाखवत होता. आणि खरं लिहायचं तर एक क्षण मला हायसं वाटलं. छातीत मोकळं झालं. ते वाटलं, याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला. दवाखान्यात बसला त्याहून जास्त.

"परवा चौकशीत मी सांगणार आहे," मी म्हटलं.

त्यांनी ताटली उचलली, माझ्यापुढचे दाणेही त्यात ओतून घेतले. "मटार घेऊन जा," म्हणाले. "आईला द्या." घेतले. नाही म्हणता आलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मुख्य कार्यालयातली बैठकीची खोली. हिरवं रेक्झिन लावलेलं टेबल, पाण्याचा जग, त्यावर उपडा ग्लास. चौकशी अधिकारी चष्मा कपाळावर ठेवून बसलेले. साहेब. काका इस्त्रीच्या शर्टात. लाईनमनला काल दवाखान्यातून सोडलं होतं, बाही दुमडून पिन लावलेली. कागद धरता येत नाही म्हणून बायकोला आत येऊ दिलं. ती बाप आणि नवरा यांच्या मधल्या खुर्चीवर बसली, पण खुर्ची नवऱ्याकडे ओढून.

मी उभी राहिले आणि सांगितलं. मीटर किती मागे होतं, त्यांनी घड्याळ कधी लावलं, मी मीटर कधी पुढे घेतलं. क्रमाने. आवाज ठीक होता.

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. "हे तुमच्या लेखी जबाबात नाही."

"मला विचारलं होतं, साडेबाराला घड्याळ बरोबर होतं का. ते बरोबर होतं."

साहेब हळूच म्हणाले, "तिने काम नियमाने केलंय. चिठ्ठीवर सही आहे."

"ऑपरेटरना तोंडी सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, ते त्यांच्या कामाचं नाही."

अधिकारी काकांकडे वळले. "सही तुमची?"

"माझीच." काका उठून उभे राहिले, उभं राहायची गरज नसताना. "वाचली नाही. आणि त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. तेही लिहा."

मुलगी बापाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या घरात शिरावं आणि आत दुसरेच लोक राहत असावेत, तसं ती बघत होती.

बोलला तो लाईनमन. त्याने विचारलं, "म्हणजे साडेबारा झाले नव्हते ना?"

"तुमच्या घड्याळाप्रमाणे नव्हते," अधिकारी म्हणाले.

"झाले नव्हते." तो बायकोकडे वळला. "बघ. मी सांगत होतो. मला वाटायला लागलं होतं की मीच कुठेतरी तंद्रीत..." आणि तो हसला. त्या सकाळी उपकेंद्रात हसला होता, तसाच, मोकळा. हात गेलेला माणूस आनंदाने हसत होता आणि टेबलाभोवती आम्ही सगळे खाली बघत होतो.

ठपका त्याच्यावर बसणार नाही. ऑफिसात घेतील, असं साहेब नंतर म्हणाले. काकांचं काय ते वर ठरेल. माझ्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही. नियमात एक ओळ वाढवायची म्हणतात, 'तोंडी कल्पना द्यावी'. मसुदा मीच करायचा आहे.

बाहेर व्हरांड्यात लाईनमनची बायको एकटी उभी होती. नवरा खाली रिक्षात बसला होता. काका जिन्याच्या दुसऱ्या टोकाला, पुढे यावं की नाही अशा बेतात. मला वाटलं ती आभार मानेल, आणि ते ऐकायला लागू नयेत म्हणून मी पावलं उचलली.

"थांबा," ती म्हणाली. "रविवारी घड्याळ तुमच्या हातात दिलं होतं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"हो."

"तपासावं लागेल म्हणालात."

"हो."

"रविवारी रात्री ते झोपले नाहीत. सोमवारी म्हणाले, खरंच माझं चुकलं असेल, तू ऑफिसवाल्यांशी भांडू नकोस. मंगळवारी मलाही तसं वाटायला लागलं. मी त्यांना तसं बोलले. तोंडावर बोलले." तिने पदराने काही पुसलं नाही, आवाजही स्थिर होता. "आज गुरुवार आहे."

ती उत्तराची वाट बघत होती, खरोखर बघत होती, रागाने नव्हे. मग खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि ती जिना उतरायला लागली. बापाच्या समोरून गेली. काकांनी हात पुढे केला, तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि गेली.

काका माझ्याकडे आले. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. आमच्यापैकी आधी कोणी निघावं, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.